घरखर्चाचं शास्त्र शिकायचं तर होम सायन्स की अर्थशास्त्र?

‘कुटुंबाचं अर्थकारण’ अशा नावाची पदवी आपल्याकडे शोधून मिळत नाही. ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला राहून हा विषय शिकायचा तर खरे रस्ते दोन: होम सायन्समधलं रिसोर्स मॅनेजमेंट (घरातला पैसा, वेळ नि श्रम यांचं नियोजन), नाहीतर घराजवळच्या कॉलेजातलं बी.ए. अर्थशास्त्र. मी दुसरा धरला, त्यामुळे काटा कुठे झुकणार ते उघड आहे. तरी पहिल्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

एकच प्रश्न दोन्हीकडे नेऊन बघा. पोळ्या घरी लाटाव्यात की नौपाड्यातल्या पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात?

होम सायन्सवाली मुलगी आधी वजनकाटा काढते. किलोभर कणीक भिजवली की साधारण 1.6 किलोचा गोळा होतो. 40 ग्रॅमची लाटी धरली तर 40 पोळ्या. मग घड्याळ लावून मळणं, लाटणं, भाजणं, आणि हिशेबात हमखास राहून जाणारं ओटा पुसणं नि परात घासणं. गॅस मोजताना मात्र फसायला होतं. एका वेळच्या पोळ्यांना गॅस इतका थोडा लागतो की सिलिंडर तोलायच्या काट्यावर फरकच दिसत नाही. त्यासाठी एक छोटा सिलिंडर फक्त पोळ्यांना ठेवायचा, आठवड्याची घट मोजायची आणि पोळ्यांच्या संख्येने भागायचं.

अर्थशास्त्रवाला विचारतो, लाटणारीच्या तासाची किंमत काय धरली? त्या वेळात ती बाहेर जे कमावू शकली असती ते, की पोळीवाल्या मावशींना जे द्यावं लागलं असतं ते? बेलापूरला नोकरी करणारीच्या बाबतीत या दोन आकड्यांत मोठं अंतर पडतं आणि उत्तर उलटंही होतं. जे काम पैसे देऊन तिसऱ्याकडून करून घेता येतं ते उत्पादनच, ही कसोटी अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 मध्ये मांडली. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी वेळेला किंमत लावणारी मांडणी 1965 मध्ये केली आणि 1992 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रीड मात्र होम इकॉनॉमिक्सच्या, म्हणजे होम सायन्सच्याच, परंपरेतल्या होत्या, हे बी.ए.च्या वर्गात सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं आली, पुरुषांची 88. बी.ए.च्या पहिल्या वर्षातला समवृत्ती वक्र (ग्राहकाची आवडनिवड दाखवणारी आलेखावरची रेघ) घराला एकच माणूस समजतो; ही 289 मिनिटं त्यात कुठेच बसत नाहीत.

ग्राहक म्हणून हुशार व्हायचं असेल तरी होम सायन्स पुढे आहे. लेबल वाचणं, भेसळीच्या चाचण्या, हमीपत्रातल्या अटी हे तिथे हाताने करून बघतात. अर्थशास्त्रवाल्याने हे स्वतः भरून काढायचं. जिल्हा ग्राहक आयोगात 50 लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची तक्रार चालते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. 1975 पासून चालू असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं वितरणही बघण्यासारखं आहे. कुटुंबांचा संघ करून, यादी भरून एकत्र वाणसामान घेतलं की भाव कुठे उतरतो आणि कुठे उतरत नाही, ते तिथे कळतं.

मग अडलं कुठे? जर्नलपाशी, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीपाशी.

एक श्रेयांक (क्रेडिट) थिअरीचा असेल तर 15 तास, प्रॅक्टिकलचा असेल तर 30. म्हणजे दोन श्रेयांकांच्या एका प्रॅक्टिकलला सत्रात 60 तास, आठवड्याला सुमारे चार. तीन प्रॅक्टिकल असली की बारा. त्यात प्रवास. जुहूला एस.एन.डी.टी.च्या संकुलात (हा पर्याय फक्त मुलींना) जायचं तर ठाण्याहून दादरला आणि वाशीहून वडाळ्याला गाडी बदलून सांताक्रूझ, तिथून बस. न्यू मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतनला सी.एस.एम.टी.हून चालत जाता येतं, एवढं सोपं. पण प्रवास सवयीचा होतो. जर्नलचं तसं होत नाही. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा साचा पोळीला चालतो, घरखर्चाला चालत नाही. मग ‘चौघांचं कुटुंब, उत्पन्न अमुक’ असं काल्पनिक घर घेतलं जातं आणि टक्केवारी शंभराला आणून बसवली जाते. त्या घरात गणपती येत नाहीत, सोसायटी दुरुस्तीचा निधी मागत नाही, आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघत नाही. आणि सही झालेलं जर्नल नसेल तर परीक्षेला बसायची पंचाईत. माझ्या पाहण्यात विषयाची गोडी इथेच आटते. कुणाचा अनुभव वेगळा असेलही.

अर्थशास्त्रातही प्रोजेक्ट नेटवरून उतरवणारे आहेतच. पण तिथे प्रॅक्टिकलचे ते तास मोकळे राहतात आणि खऱ्या घरांची आकडेवारी फुकट मिळते. कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून घेता येते. 2023-24 मध्ये शहरी भागात दरडोई मासिक खर्च 6,996 रुपये आला आणि त्यातला अन्नाचा वाटा 39.68 टक्के. ही माहिती उघडल्यावर पहिली चूक ठरलेली असते. प्रत्येक घराला दिलेला गुणक न लावता सरासरी काढली जाते. नमुन्यातलं एक घर शेकडो घरांच्या वतीने बोलतं, दुसरं हजारोंच्या. गुणक नसेल तर दोघांची किंमत सारखी धरली जाते आणि आकडा घसरतो किंवा फुगतो.

दुसरी चूक स्वतः सर्वेक्षण करताना होते. ‘महिन्याचा खर्च किती?’ असं विचारू नये. भाजी, फळं, अंडी गेल्या 7 दिवसांची विचारावी, तांदूळ-डाळ 30 दिवसांची, कपडे, फी आणि फ्रिजसारख्या वस्तू 365 दिवसांच्या. सरकारी सर्वेक्षणही असंच विचारतं. एका सोसायटीतली वीस घरं या पद्धतीने केली तरी फी आणि दिवाळी महिन्याच्या हिशेबातून कशी निसटते ते दिसतं.

पोषण कार्यक्रम, घरातल्या कामाचं अर्गोनॉमिक्स किंवा विस्तार सेवा यांत जायचं असेल तर होम सायन्सच घ्यावं. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेतही तो स्वतंत्र विषय आहे. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा मनात असेल तर अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिकडे बी.ए.हून जाणं सोपं. संशोधनासह चौथं वर्ष करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण राखावे लागतात. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात मायनर (मुख्य विषयासोबतचे दुय्यम विषय) कोणते आहेत ते विचारा, आणि संख्याशास्त्र मिळत असेल तर तेच घ्या. पोळ्यांचा हिशेब घरीही शिकता येतो, गुणक लावायला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं.