बारावीनंतर डिझाइन: बीएफए उपयोजित कला की बी.डेस.?

बीएफए म्हणजे ललित कलेची पदवी, बी.डेस. म्हणजे डिझाइनची. दोन्ही अभ्यासक्रम चार वर्षांचे आणि दोन्हीकडून डिझाइनरच घडतो. फरक पडतो तो प्रश्न कुठून हातात घ्यायला शिकवतात यात. निवड करायची तर फी आणि प्लेसमेंटच्या आधी हेच पाहावं.

एसटी स्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक घ्या. उपयोजित कलेचा, म्हणजे बीएफएचा विद्यार्थी आधी वीस-तीस थंबनेल (छोटी कच्ची रेखाटनं) काढतो, त्यातली दोन-तीन निवडतो, ग्रिड (मांडणीची चौकट) आखतो आणि अक्षराच्या मापाला हात घालतो. फलक बनवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की दर तीन मीटर अंतरामागे एक इंच उंचीचं अक्षर. फलक सहा मीटरवरून वाचायचा असेल, तर अक्षर दोन इंचांचं हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, वेलांटी आणि उकार धरून नव्हे. तिथेच चूक होते आणि जोडाक्षरं लांबून गिचमिड दिसतात. दुसरी नेहमीची चूक ओळींमधल्या अंतराची. इंग्रजीला पुरणारं, अक्षराच्या मापाच्या १.२ पट अंतर ठेवलं, की वरच्या ओळीतल्या ‘कोल्हापूर’चा ऊकार खालच्या ‘मुंबई’च्या अनुस्वाराला जाऊन भिडतो. निदान दीडपट अंतर लागतं. ही नजर हाताने काम करूनच येते आणि बीएफएची चार वर्षं त्यासाठीच असतात.

बी.डेस.चा विद्यार्थी कागद उघडण्याआधी स्थानकावर जाऊन उभा राहतो. डोक्यावर फलक असूनही माणसं चौकशीच्या खिडकीवर का जातात, याची तो नोंद करतो. कारण बहुधा अक्षरात नसतंच. फलक शेवटच्या थांब्याच्या नावाने लावलेला असतो आणि प्रवाशाला मधल्या गावी उतरायचं असतं. ते गाव फलकावर सापडतच नाही. मग गावांच्या नावांनुसार मांडणी करून पाहायची, साध्या कागदावर छापून चिकटवायची आणि पाच-सहा प्रवाशांना ‘तुमची गाडी शोधा’ म्हणून सांगायचं. कुठे अडतात ते पाहून पुन्हा बदलायचं.

पहिल्या पद्धतीत चुकीच्या प्रश्नाचं देखणं उत्तर निघण्याचा धोका असतो. दुसरीत प्रश्न बरोबर सापडतो, पण अंतिम फलक कच्चा राहतो. पोर्टफोलिओंमध्येही हेच दिसतं. बीएफएवाले फक्त अंतिम पोस्टर लावतात, ‘हेच का’ याचा पत्ता नसतो. बी.डेस.वाल्यांकडे फ्लोचार्ट आणि चिकटचिठ्ठ्यांचे फोटो भरपूर असतात, पण शेवटच्या स्क्रीनवर मराठी मजकूर बटणाबाहेर गेलेला असतो.

प्रवेशाचं थोडक्यात. महाराष्ट्रातल्या बीएफएसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा असते: डिझाइन प्रॅक्टिकल, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग आणि सामान्यज्ञान. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा मनापासून दिलेल्यांना तिचा सराव आधीच असतो. मुंबईची सर जे. जे. ही कलासंस्था आता अभिमत विद्यापीठ आहे, म्हणून त्यांचं प्रवेशपत्रक वेगळं वाचा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस.साठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा लागते. ती जानेवारीत होते, कोणत्याही शाखेतून देता येते, पण लागोपाठच्या दोनच वर्षांत. अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो, त्यामुळे बारावीच्या दिवाळीआधी ठरलेलं बरं. तिचा बराच भाग संगणकावर असतो आणि त्यात तर्क, निरीक्षण, आकारांची समज तपासतात. चित्रकला चांगली आहे एवढ्यावर ती निघत नाही. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा स्वतंत्र.

खर्चात तफावत मोठी आहे. आयआयटीत सर्वसाधारण प्रवर्गासाठी फक्त शिक्षणशुल्कच वर्षाला दोन लाखांच्या घरात जातं, राहणं-जेवण वेगळं. सरकारी कला महाविद्यालयात ते बरंच कमी. मात्र रंग, कागद, छपाईचा खर्च चारही वर्षं सुरू राहतो. कर्ज काढून खासगी संस्थेत बी.डेस. करण्यापेक्षा चांगल्या सरकारी महाविद्यालयातलं बीएफए आम्हाला अधिक शहाणपणाचं वाटतं, कारण पुढे रस्ता बंद होत नाही. पदवीनंतर सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन दोन वर्षांचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करता येतं.

या दोन वाटा एकमेकींना पूर्वीपासून मिळत आल्या आहेत. जे.जे.त शिकलेले र. कृ. जोशी बरीच वर्षं जाहिरातक्षेत्रात होते, नंतर त्यांनी आयडीसीत शिकवलं आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांनीच घडवला. रुपयाचं चिन्ह करणारे उदय कुमार मुळात वास्तुकलेचे पदवीधर.

पहिल्या नोकरीत बीएफएवाला बहुतेकदा जाहिरात, पॅकेजिंग, प्रकाशन किंवा ब्रँडिंगच्या स्टुडिओत व्हिज्युअलायझर (कल्पना चित्रात मांडणारा) म्हणून लागतो. बी.डेस.वाला ॲप आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत यूएक्सकडे, म्हणजे वापरणाऱ्याला ते सोपं जावं अशा रचनेच्या कामाकडे वळतो, तिथे सुरुवातीचा पगार सहसा जास्त असतो.

अजून ठरत नसेल तर दोन रविवार द्या. पहिल्या रविवारी घरातल्या औषधाच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत हाताने नव्याने मांडा, दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी. दुसऱ्या रविवारी आजी-आजोबा तेच पाकीट कसं ओळखतात, गोळ्या कुठे ठेवतात, कुठली चुकते, हे काही न सुचवता दोन तास पाहा आणि लिहून काढा. ज्या रविवारी घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, त्या बाजूचा फॉर्म आधी भरा.