निळं कार्ड, साडेतीन हजार रुपये

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमाराला, आमचे साडेतीन हजार रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती आधी सांगून मोकळी होते. मी गोव्यात, डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. रोज तीस वह्यांत लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते. आणि पैसे मोजून मी दिव्यांगांच्या पार्किंगचं जे कार्ड घेतलं, त्यावर बोटभर मोठ्या अक्षरांत ‘दीव्यांग’ छापलेलं होतं. चार दिवस ते माझ्याच गाडीच्या काचेमागे होतं, तरी मला दिसलं नाही.

बाबांचा उजवा पाय मधुमेहाने गेला, गुडघ्याखाली. आता कृत्रिम पाय लावून काठीच्या आधाराने चालतात. मेडिकल बोर्डाने साठ टक्के दिव्यांगत्व लिहून दिलंय आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तेही हातात आहे. म्हणजे कागदांच्या बाबतीत आमचं काही अडलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण मीच ते विसरले.

अडलं ते गाडीच्या दारापाशी. कृत्रिम पायाचा माणूस गाडीतून कसा उतरतो हे घरात कोणी असेल त्यालाच ठाऊक. बाबा आधी अंग वळवतात, मग दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय बाहेर ठेवतात, मग काठी टेकवून उभे राहतात. त्यासाठी दार पूर्ण उघडावं लागतं. नेहमीच्या पार्किंगमध्ये ते अर्ध्यावर शेजारच्या गाडीला टेकतं. म्हणून तर दिव्यांगांसाठीची जागा मोठी आखायची असते: केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तिची रुंदी ३.६ मीटर, लांबी ५ मीटर आणि दारापासूनचं अंतर जास्तीत जास्त ३० मीटर सांगितलंय. हे आकडे मला आता पाठ आहेत. तेव्हा ठाऊक असते तर बरं झालं असतं.

तर चवथीच्या आधीचा आठवडा, म्हापशाचा बाजार. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान बाबा स्वतः निवडतात, दुसऱ्या कुणाच्या हाताने आणलेलं त्यांना चालत नाही. कांगलां कोवळी हवीत, सुपारीचं शिपटं भरगच्च हवं, तोरिंगाला देठ हवा. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच ते “मी येतो” म्हणाले होते, त्यामुळे नाही म्हणणं शक्यच नव्हतं. चाकांच्या खुर्चीचं चित्र रंगवलेली एक जागा सापडली. तिथे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या दोन स्कूटर आडव्या लावून ठेवलेल्या. मी गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले, बाबा म्हणाले, “जाऊं दी गो, घरी वच्या.”

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात फाईल, गळ्यात निळ्या पट्ट्याचं कसलं तरी ओळखपत्र. माझ्याही गळ्यात शाळेचं ओळखपत्र तसंच राहिलं होतं, ते त्याने वाचलं असणार. पहिलंच वाक्य, “टीचर, तुमचेकडेन पार्किंगाचें कार्ड ना?”

त्याने आधी स्वतःच त्या दोन स्कूटर उचलून बाजूला केल्या. बाबांना दार पूर्ण उघडून उतरू दिलं, काठी हातात दिली. पुढचं सगळं त्या एका मदतीवर उभं राहिलं, असं मला आता वाटतं. मग त्याने युडीआयडी कार्ड मागितलं, उलटंपालटं केलं आणि मान हलवली. “हें साठ टक्क्यांचें. नव्या नेमान हळदुव्यांत येता. पार्किंगाक निळें जाय.” म्हणजे हे पिवळ्यात येतं, पार्किंगला निळं हवं.

इथे त्याची हुशारी बघा. युडीआयडी कार्डांना रंग खरंच आहेत. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे चाळीस टक्क्यांखाली पांढरा, चाळीस ते एकोणऐंशी पिवळा, ऐंशी आणि त्यावर निळा. मीही कुठे तरी ओझरतं वाचलं होतं. त्या खऱ्या गोष्टीला त्याने पार्किंगची थाप चिकटवली. दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठीचा उंबरठा चाळीस टक्क्यांचा आहे. बाबा तो कधीच ओलांडून गेलेले. रंगाचा आणि गाडी कुठे लावायची याचा काहीएक संबंध नाही.

“हांव करून दितां. भिवपाची गरज ना, हांव आसां न्हय!” साडेतीन हजार सांगितले: पंधराशे आरटीओची फी, बाराशे बोर्डाचे, आठशे होलोग्रामचे. फोडून सांगितलं की आकडा खरा वाटतो. मी आमच्या किराणावाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालते, इथे एक शब्द विचारला नाही.

तरी अगदीच डोळे मिटून दिले नाहीत हो. रात्री भाच्याला फोन केला. तो इंग्लंडात स्विंडनला असतो, तिथे गोंयकारांची निम्मी वाडीच आहे म्हणा. त्याला विचारलं, असं कार्ड असतं का रे? तो म्हणाला, “असतं की मावशी! इथे ब्लू बॅज म्हणतात. कौन्सिल देते, दहा पौंडांपर्यंत फी, तीनेक वर्षं चालतो. गाडी कुणाचीही असो, बॅज माणसाचा. काचेमागे ठेवायचा.” अमेरिकेतही आरशाला टांगायचं कार्ड मिळतं, त्याला डॉक्टरची सही लागते, राज्याचं वाहन खातं ते देतं, हेही त्याने सांगितलं. बिचारा खरं तेच सांगत होता. मी विचारायला हवं होतं ते ‘आपल्याकडे असतं का’, विचारलं ‘असतं का’. निळा रंग जुळला, माझं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी अडीच हजार यूपीआयने पाठवले. स्क्रीनवर नाव आलं ते त्याचं नव्हतं, कुठल्या तरी मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं होतं. विचारलं तर “भावाचं दुकान”. हजार रोख. शिवाय आधार आणि युडीआयडीच्या झेरॉक्स, त्यावर बाबांची सही. पैशांपेक्षा त्या झेरॉक्स जास्त सलतात. तुम्हांला कुणी मागितल्याच तर निदान मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

चार दिवसांनी कार्ड आलं. लॅमिनेशन जाडजूड, खुर्चीचं चित्र, वर ‘ऑल इंडिया’, कोपऱ्यात चार सिंहांची मुद्रा. खऱ्या राजमुद्रेत खाली ‘सत्यमेव जयते’ असतंच, इथे ती जागा कोरी. क्रमांक पाच आकडी. युडीआयडीचा अठरा अक्षरांचा असतो. होलोग्राम नखाने सुटला आणि टूथपेस्टच्या खोक्यावरच्या स्टिकरसारखा बोटाला चिकटून बसला. सोबत एक पुठ्ठ्याचं घड्याळ होतं, निळी तबकडी, फिरणारा काटा. ते कशाला, हे त्यालाही सांगता आलं नाही. “दवर, उपयोगाक पडटा” म्हणाला. पुढे भाच्याला फोटो पाठवला तेव्हा तो हसत सुटला. ब्लू बॅजबरोबर तसलं घड्याळ मिळतं, गाडी किती वाजता लावली ते त्यावर दाखवायचं असतं. म्हणजे आमच्या माणसाने विलायती कार्डाची नक्कल करताना घड्याळही सोडलं नव्हतं!

उलगडा झाला पणजीत. बाबांची तपासणी होती, पे-पार्किंगला गाडी नेली, मी ऐटीत कार्डाकडे बोट दाखवलं. तिथला मुलगा वाकून बघत राहिला. “हें खंय मेळ्ळें तुमकां?” त्याने ट्रॅफिकच्या हवालदाराला बोलावलं. हवालदाराने कार्ड हातात घेतलं, वाचलं आणि मला विचारलं, “दिव्यांगमधला दि कसा लिहितात, बाई?” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी बाबांना विचारलं, युडीआयडी आहे का? बाबांनी खिशातून काढून दिलं. दोन सेकंद बघितलं, प्लास्टिकचा शंकू पायाने बाजूला सारला आणि आत घेतलं. “हेंच पुरो. हे खिशात असू दे. ते निळं घरी न्या, कुणी बघितलं तर तुम्हालाच ताप.” इतकंच. जे आमच्याकडे आधीपासून फुकट होतं, त्याने काम झालं.

संध्याकाळी त्या माणसाला फोन केला. आवाज बदलला होता. कोकणी संपली, कायद्याची मराठी सुरू झाली. “मॅडम, दिव्यांग हक्क कायदा, कलम ९१. खोट्या मार्गाने सवलत घेतली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कार्ड तुमच्या गाडीवर होतं, माझ्या नाही. नोकरी सरकारी आहे ना तुमची?”

मी फोन ठेवला आणि तीन आठवडे कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. कलम ९१ खरंच आहे, २०१६ च्या कायद्यात आहे, शिक्षाही त्याने सांगितली तीच. पण ते कुणासाठी आहे ते वाचा: दिव्यांगांसाठीची सवलत जो लबाडीने लाटतो त्याच्यासाठी. बाबा साठ टक्के दिव्यांग. ती जागा त्यांच्याचसाठी आखलेली. त्यांनी कुणाचं काय लाटलं? हे मला आज दोन ओळींत लिहिता येतं, तेव्हा रात्री दोन वाजता छताकडे बघताना येत नव्हतं.

त्या तीन आठवड्यांनीच घात केला. १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा ते केव्हाच निघून गेले होते. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली. तिथल्या बाईंनी चहा दिला, ‘एजंटकडे का गेलात’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं.

आता शोधून, विचारून जे कळलंय ते सांगते. युडीआयडीचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि त्याला फी नाही. तपासणी सरकारी इस्पितळातला बोर्ड करतो. एजंट टक्के वाढवून देतो म्हणाला तर तिथूनच उठा. २०१६ च्या कायद्यात किंवा मोटार वाहन कायद्यात विकत घ्यायचं पार्किंग कार्ड नावाची चीज नाही. गाडीच्या कागदांत दिव्यांगाचा उल्लेख येतो तो नोंदणीच्या अर्जात. २०२० पासून मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ असा रकाना आहे. पण त्यासाठी गाडी त्या माणसाच्या नावावर हवी. आमची माझ्या नावावर आहे. मालक मी असले तरी पार्किंगच्या जागेवरचा हक्क बाबांचा, ते गाडीत नसताना मी तिथे गाडी लावायची नाही. जागा अडवलेली असेल, आखलेलीच नसेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पणजीत आहे, साध्या कागदावर तक्रार घेतात. मी म्हापशाच्या त्या स्कूटरींची दिलीय, फोटोसकट.

गेल्या रविवारी शेजारच्या वाड्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जाता जाता पर्समधून काही तरी काढून म्हणाल्या, “टीचर, हें पळय गो, चार हजार घेतले, पण आता गाडीची कटकट गेली.” तेच जाड लॅमिनेशन, तेच पुठ्ठ्याचं घड्याळ. मी आत जाऊन आमचं आणलं आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. ‘दीव्यांग’ दोन्हीकडे होतंच. खालचा पाच आकडी क्रमांकही दोन्हीकडे एकच होता.