जोंधळा, नाचणा की भात? घरात शुगर निघाल्यावर ताट कसं ठरवावं

आमच्या आईचं माहेर खानापूर तालुक्यातलं, कणकुंबीच्या बाजूचं. वडील अथणीकडचे. एकीकडे धो धो पाऊस आणि भाताची खाचरं, दुसरीकडे कोरडवाहू रान आणि जोंधळा. बेळगावच्या आमच्या घरात दोन्ही धान्यं सुखानं नांदली. गेल्या वर्षी आईला शुगर निघाली आणि येणारा प्रत्येक जण सांगू लागला, "काकू, भात बंद करा." कुणी म्हणालं नाचण्याचं आंबील घ्या, कुणी म्हणालं भाकरी कितीही खा, तिनं शुगर वाढत नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तुमच्या घरात हाच प्रश्न असेल तर मी काय ठरवलं आणि का, ते सांगतो.

"कितीही खा" हे आधी डोक्यातून काढा. तिन्ही धान्यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. तोंडातली लाळ त्या तोडायला लागते, लहान आतड्यात काम पुरं होतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम जोंधळ्यात सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं आहेत, नाचण्यात 67 आणि पांढऱ्या तांदळात 78. आता हिशेब करा. 70 ग्रॅम पिठाची एक दणदणीत भाकरी आणि 60 ग्रॅम तांदळाचा भात, दोन्हीत कर्बोदकं तेवढीच, साधारण 47 ग्रॅम. भात सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याची शुगर चढली, तर दोष भाकरीचा नाही.

फरक पडतो तो पचण्याच्या वेगात, आणि जोंधळा सावकाश पचतो, म्हणून तो सरस. त्यात तंतू 10 ग्रॅमच्या आसपास, तांदळात तीनही नाहीत. शिवाय जोंधळ्यात काफिरिन नावाचं प्रथिन असतं. शिजताना त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि स्टार्चच्या कणांभोवती जाळं धरतात, म्हणून पाचकरस आत शिरायला वेळ लागतो. आईला भाकरी थापताना बघा: उकळतं पाणी पिठात ओतते, उलथन्यानं हलवते, मग हात भाजत असतानाच मळते. थंड पाण्यात मळलं तर कडा चिरतात. जोंधळ्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, नाही, पीठ धरून ठेवतो तो गरम पाण्यानं फुगलेला स्टार्च. दळताना मात्र गिरणीत सांगा, पीठ मैद्यासारखं बारीक नको. जेवढं बारीक, तेवढं झटपट पचणार.

जोंधळ्याची उणी बाजूही आहे. त्याच काफिरिनमुळे त्यातली प्रथिनं पुरती पचत नाहीत, आणि त्यांत लायसिन हे शरीराला अन्नातूनच मिळवावं लागणारं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी असतं. 1960 साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या, जवळपास जोंधळ्यावरच जगणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्रा या बी-3 जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाकडे लक्ष वेधलं आणि जोंधळ्यातल्या जास्तीच्या ल्युसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. म्हणून नुसती भाकरी-चटणी नको. मसुराची आमटी, मुगाची उसळ, ताक, यांतलं काहीतरी हवंच. डाळींत लायसिन भरपूर असतं, ती उणीव तिथं भरून निघते.

नाचण्याचं खरं बळ कॅल्शियम. 100 ग्रॅममध्ये सुमारे 364 मिलिग्रॅम. जोंधळ्यात 28, तांदळात जेमतेम साडेसात. पाळी गेलेल्या बायका, वाढती पोरं, दूध न पचणारी माणसं, यांना मी बिनदिक्कत नाचणा सांगेन. त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य मात्र कॅल्शियम आणि लोह अडवून धरतं. नाचण्याला मोड आणले की दाण्यातलंच एन्झाइम हे फायटेट तोडतं, आंबवल्यानंही ते कमी होतं. पण शुगरवाल्यांनी सकाळी पेलाभर पातळ आंबील पिऊन "आज पथ्याचं खाल्लं" असं समजू नये. बारीक पीठ, पूर्ण शिजलेलं, वर पातळ: त्यातला स्टार्च भराभर सुटतो. त्यांच्यासाठी नाचण्याची भाकरीच बरी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आता भात. खानापूरच्या माणसाला भात सोडा म्हणणं मला पटत नाही, तो महिनाभर सोडतो आणि मग दुप्पट खातो. भात ठेवा, पद्धत बदला. उकडा तांदूळ मिळत असेल तर तो घ्या. भात सालीसकट उकडताना कोंड्यातलं बी-1 दाण्यात मुरतं, आणि ग्लुकोज जाळून ऊर्जा काढायला पेशींना हेच जीवनसत्त्व लागतं. दुसरं, शिजलेला भात थंड झाला की स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट बसतात आणि थोडा भाग न पचताच पुढे जातो. सकाळचा फोडणीचा भात त्यामुळे तितका वाईट नाही, मात्र रात्री तो फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिला तर त्यात विषारी जंतू वाढतात. आणि आधी भाजी-आमटी, भात शेवटी.

आईचं ताट आता असं: दुपारी एक जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजीवर लिंबू (लोह अंगी लागतं, चहा मात्र तासाभरानं). रात्री एक वाटी भात आणि घट्ट आमटी. आठवड्यातून दोनदा जोंधळ्याऐवजी नाचण्याची भाकरी. जेवणानंतर गल्लीतून पंधरा मिनिटं चालणं, कारण चालते स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता ग्लुकोज ओढून घेतात.

तुमच्यासाठी काय ठीक, ते ग्लुकोमीटर सांगेल. एक दिवस भात, एक दिवस भाकरी, बाकी ताट तेच. पहिल्या घासापासून दोन तासांनी बोटाचं रक्त तपासा आणि वहीत मांडा. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर आहार एकदम कमी करू नका, शुगर अचानक खाली जाते. ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.