निरोगी माणसाने डिमेन्शियाच्या भीतीने मेंदूचा स्कॅन करावा का? एमआरआय, पेट आणि तिसरी वाट

आईला किंवा वडिलांना विस्मरणाने ग्रासलेलं ज्याने जवळून पाहिलंय, त्याला पन्नाशीत एखादं नाव आठवेनासं झालं तरी धस्स होतं. मग वाटतं, आत्ताच स्कॅन करून घ्यावा. पण कोणता?

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. किरणोत्सर्ग नाही, ही जमेची बाजू. मात्र आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो तो बऱ्याच उशिरा, आणि त्याचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने एकाच स्कॅनवरून निष्कर्ष काढणं अवघड. त्यामुळे 'नॉर्मल' रिपोर्ट पुढच्या वीस वर्षांची हमी देत नाही. एमआरआयचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो: बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, नकळत होऊन गेलेले पक्षाघाताचे छोटे झटके त्यात दिसतात, आणि त्यावर रक्तदाब आटोक्यात ठेवण्यासारखा उपाय हाताशी असतो. पण नको ते सापडण्याचीही तयारी हवी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या 2007 सालच्या अभ्यासात 2,000 जणांपैकी 1.8 टक्के लोकांच्या मेंदूत धमनीचा फुगवटा निघाला. असे बरेच फुगवटे कधीच फुटत नाहीत, पण एकदा कळलं की काळजी कायमची मागे लागते.

पेट (PET) हा शरीरात किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून करायचा स्कॅन. त्यातला अमायलॉइड पेट मात्र अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराच्या, मुळापाशी जातो. अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत लक्षणांच्या 15-20 वर्षं आधीपासून साचू लागतं आणि पेटमध्ये ते दिसतं. एका तपासणीत सुमारे 7 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, म्हणजे निसर्गातून साधारण तीन वर्षांत मिळतो तेवढा. माझी खरी अडचण 'पॉझिटिव्ह' या शब्दाशी आहे. स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांमध्येही पन्नाशीत सुमारे 10 टक्के, तर नव्वदीत 44 टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असतं. त्यातल्या अनेकांना आयुष्यभर डिमेन्शिया होत नाही. तुम्ही त्यांच्यात आहात की नाही, हे स्कॅन सांगत नाही. उलट 'निगेटिव्ह' आला तरी रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया टळला असं नाही.

शिवाय, पॉझिटिव्ह आल्यावर करायचं काय? अमायलॉइड असलेल्या पण लक्षणं नसलेल्या 65 ते 85 वयाच्या लोकांना 'ए-फोर' या औषध-चाचणीत सोलानेझुमॅब हे अमायलॉइडविरोधी औषध दिलं गेलं. 2023 मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीची घसरण मंदावली नाही. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं सुरुवातीची लक्षणं असलेल्यांसाठी आहेत. त्यांत मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे.

तिसरी वाट म्हणजे स्कॅन न करणं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगे 14 धोके दिले आहेत: कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा वगैरे. ते सगळे दूर झाले तर जगातला सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज. आणि रिपोर्ट काहीही आला तरी डॉक्टर सांगणार हेच. म्हणून लक्षणं नसताना पदरचे पैसे घालून पेट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्सुकताच असेल तर एखाद्या संशोधनात सहभागी व्हा.

घरच्यांनाही तुमच्यातला बदल जाणवत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तिथे हेच स्कॅन खरोखर कामाचे ठरतात. आणि घरात पिढ्यान् पिढ्या साठीच्या आतच आजार होत आला असेल, तर स्कॅनच्या आधी जनुकीय समुपदेशन घ्या, कारण जनुकीय तपासणीचं उत्तर तुमच्या मुलांनाही लागू होतं.