लॅक्टोमीटर की अ‍ॅनालायझर?

दूध संकलन केंद्रावर दोन्ही दिसतात. घनता मोजणारा काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडायचा. पाणी घातलं असेल तर तो जास्त बुडतो. स्वस्त, विजेची कटकट नाही. पण पाण्याबरोबर साखर किंवा युरिया मिसळला की घनता पुन्हा वर येते आणि हा बापडा फसतो.

अल्ट्रासोनिक अ‍ॅनालायझर मिनिटाभरात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतो. दर त्यावरच ठरतो, म्हणून किटली रिकामी झाली तरी शेतकऱ्याची नजर स्क्रीनवरच! मात्र रोज नीट धुतला नाही, कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) चुकलं, की यंत्रही खोटं बोलतं. तरी डेअरीसाठी मी अ‍ॅनालायझरच घेईन, लॅक्टोमीटर गोठ्यात बरा. गाईला दिलेल्या अँटिबायोटिकचा अंश मात्र दोघांनाही कळत नाही. त्याला वेगळी टेस्ट स्ट्रिप लागते.