परदेशी निधी की गावची वर्गणी?

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पाड्यांवर ग्रामसभा जागती ठेवायची तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्या गटात सारखा निघतो.

बाहेरच्या मदतीला कारस्थान म्हणणं मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी 2005 साली सुरू झाला, तेव्हा त्यात पैसे घालणाऱ्यांत भारतही होता. परदेशी मदतीतून पूर्णवेळ कार्यकर्ता ठेवता येतो, प्रशिक्षणं घेता येतात. अडचण आहे ती वाटेत. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी हवी, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत हवं, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत हवा. आणि 2020 च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला हा पैसा दुसरीला देताच येत नाही. पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत लहान गटापर्यंत यायचा, तो झराच आटला.

वर्गणीत कुणी पन्नास रुपये देतं, कुणी पायलीभर दादर ज्वारी. मागच्या बैठकीत एका आजीने पावती उलटीसुलटी पाहून विचारलं, “मना पैसा कोठे गया, भाऊ?” मी वही उघडून एकेक खर्च वाचला. असा जाब दूरचा देणगीदार कधीच विचारत नाही, तो फक्त अहवाल मागतो.

पण पाऊस दगा देतो त्या वर्षी वर्गणीही बसते. वनहक्काच्या दाव्यांची मोजणी, वकिलाची फी तिच्यात भागत नाही. एवढ्यापुरता बाहेरचा पैसा मी घेईन. ग्रामसभेची बैठक मात्र वर्गणीवरच व्हावी.