बारावीच्या प्रोजेक्टला बीटचा रंग घ्यायचा की टीडीएस मीटर?

भाचीला बारावीच्या बायोलॉजी प्रोजेक्टला 'तापमानाचा वनस्पती पेशीपटलाच्या पारगम्यतेवर परिणाम' हा विषय मिळाला (म्हणजे तापवल्यावर पेशीभोवतीचं पातळ आवरण किती गळतं) आणि दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर आमचा ओटा लालेलाल होता. दोन्ही पद्धती करून झाल्यात, म्हणून ज्यांना अजून ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

बीटची पद्धत बहुतेकांना माहितीये, तुकडे वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचे आणि किती रंग गळतो ते बघायचं. बीटचा लाल रंग म्हणजे बीटॅनिन, तो पेशीच्या आतल्या रिक्तिकेत (व्हॅक्युओल, पाण्याने भरलेली पिशवी) पाण्यात विरघळलेला असतो. बाहेर यायचं तर त्याला आधी रिक्तिकेचं पटल आणि मग पेशीचं पटल अशी दोन दारं ओलांडावी लागतात, आणि पटलं धड असतील तर तो येत नाही. उकडायच्या बीटचा देठ आणि शेपटी कापू नकोस, सगळा रंग पाण्यात जातो असं आई सांगायची ना, ते हेच, कापलं की त्या पेशी फुटतातच. म्हणून प्रयोगात पण तुकडे कापल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे. आम्ही पहिल्या दिवशी धुतले नाहीत आणि २० अंशाची टेस्ट ट्यूब ४० अंशापेक्षा लाल निघाली, सगळा दिवस फुकट.

तुकडे सारख्या मापाचे, १० मिली पाणी, २० ते ७० अंशापर्यंत दर दहा अंशाला एक ट्यूब, प्रत्येकी अर्धा तास. ४० पर्यंत पाणी जेमतेम गुलाबी दिसतं आणि ५० ते ६० च्या मध्ये एकदम गडद होतं. कारण पटलातले फॉस्फोलिपिड, म्हणजे पटल ज्यांचं बनलेलं असतं ते स्निग्ध रेणू, तापले की जास्त हलतात, पटल सैल पडतं, पण खरा दणका बसतो तो पटलातल्या प्रथिनांची घडी उलगडायला लागते तेव्हा. ग्राफ मस्त येतो, आणि रंग लांबूनही दिसतो हा बीटचा मोठा फायदा.

प्रॉब्लेम पुढे आहे. बीटॅनिन स्वतःच उष्णतेने बिघडतो, त्यामुळे फार तापवलं तर रंग वाढायच्या ऐवजी तपकिरी-फिका व्हायला लागतो आणि ग्राफ खाली वळतो, मग पोरांना वाटतं पटल परत दुरुस्त झालं की काय!! शिवाय आकडे हवे असतील तर कलरिमीटर (रंगाचा गडदपणा मोजायचं यंत्र) लागतो, हिरवा फिल्टर लावून, कारण बीटॅनिन साधारण ५३५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तो मिळाला तर ठीक, नाहीतर आम्ही केलं तसं करा, फ्रीझरमध्ये गोठवून वितळवलेल्या बीटचं पाणी घ्यायचं, ते अर्धं-अर्धं पातळ करत ट्यूबांची रांग लावायची आणि पांढऱ्या कागदासमोर रंग जुळवायचा. गोठवलेलं बीट न तापवताच सगळा रंग सोडतं, आत बर्फाचे स्फटिक होऊन पटलं फाटतात ना.

आता टीडीएस मीटर, तोच पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो, ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळतो. पेशीत पोटॅशियमसारखे आयन (विद्युतभार असलेले कण) भरपूर असतात, पटल गळायला लागलं की ते पाण्यात येतात आणि पाण्यातून वीज सहज जाते, मीटर तेच मोजतो. मला हीच पद्धत जास्त आवडली. आयन बीटॅनिनच्या रेणूपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे रंग दिसायच्या आधीच गळती आकड्यात कळते. आणि रंग लागतच नाही, म्हणजे पालक, बटाटा, काहीही चालतं. कुठलं वाण उन्हाला टिकेल हे बघायला ज्वारीच्या पानांच्या चकत्यांवर याच तत्त्वाने १९७० च्या दशकापासून काम झालंय, प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे नक्की टाका.

पण मीटरचे नखरे आहेत. नळाचं पाणी चालत नाही, आमच्या आरओचं पाणी पण स्वतःच ५०-६० दाखवत होतं, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणलं, बॅटरीत घालतात ते. गरम पाण्यात मीटर बुडवायचा नाही, दर अंशाला वाचन साधारण २ टक्के वाढतं, आणि स्वस्त मीटरमधल्या तापमानाच्या दुरुस्तीवर मी तरी विसंबणार नाही, सगळे ग्लास खोलीच्या तापमानाला आले की मगच मोजा. टेस्ट ट्यूबमध्ये मीटर बुडत नाही म्हणून ४०-५० मिली पाणी लागतं. शेवटी तोच ग्लास तुकड्यांसकट दहा-पंधरा मिनिटं उकळून, आटलेलं पाणी भरून, गार करून परत मोजायचं, पहिलं वाचन भागिले हे वाचन गुणिले १००, म्हणजे गळतीची टक्केवारी. हे नाही केलं तर तुकडा जाड म्हणून जास्त गळला, की पटल जास्त बिघडलं म्हणून, हे कळत नाही.

ऱ्हिओचं (खालून जांभळी पानं असलेलं शोभेचं झाड) पान मायक्रोस्कोपखाली बघायचा पण सल्ला मिळेल, सुंदर दिसतं, पण आकडे येत नाहीत, सोडा.

माझं मत विचाराल तर हातात दोन दिवस आणि लॅबमध्ये कलरिमीटर असेल तर बीट, वेळ असेल किंवा दोन झाडांची तुलना करायची असेल तर मीटर. आम्ही शेवटी बीटच्याच ग्लासात मीटर घातला आणि ८० अंशाला रंग फिका झाला तरी मीटरचा आकडा खाली आला नाही, म्हणजे पटल गेलेलंच होतं, बिघडला होता तो रंग. भाचीने व्हायवाला तेवढंच पाठ केलंय.

आणि बीट आणताना एकच मोठं आणा, सगळ्या ट्यूबांचे तुकडे त्यातूनच काढा, दोन बीटांचा रंग मुळातच सारखा नसतो.